पाय धरणं, पाय सोडणं : मोठ्या आतड्याच्या कर्कपेशींच्या चालण्यावरच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

मार्गदर्शक मॅडमशी बसून प्रश्न नक्की केला. दोन महिने मी नुसतं "ग्रोथ फॅक्टर आणि मेटास्टॅसिस", म्हणजे वाढीचा निरोप आणि कर्करोगाचं पसरणं, एवढंच म्हणत होते. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "एका वाक्यात लिही." चौथ्या प्रयत्नात उतरलं ते असं: ईजीएफ दिल्यावर मोठ्या आतड्याच्या कर्कपेशी किती चालतात, हे त्यांनी पायाखालच्या कोलॅजेनला (पेशींना आधार देणाऱ्या तंतूंच्या प्रथिनाला) किती घट्ट धरलंय त्यावर ठरतं का?

ईजीएफ हे पेशीला वाढीचा निरोप देणारं ५३ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. स्टॅनली कोहेन यांनी ते उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळं केलं आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं. नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडतात, दात लवकर येतात, या खुणेवरून ते सापडलं. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळून. नावात "वाढ" असल्यामुळे आपण याला फक्त वाढीचा निरोप समजतो. पण त्याच निरोपाने पेशी जागाही सोडतात.

चालायचं म्हणजे पेशीला पुढे पातळ पदर पसरावा लागतो, तो जमिनीला चिकटवावा लागतो, अंग ओढून घ्यावं लागतं आणि मागचा पाय सोडवावा लागतो. पकडीचं काम पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनांचं. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांतून त्यांच्या २४ जोड्या बनतात. कोलॅजेन धरणारी आमच्या कामाची जोडी अल्फा-२ बीटा-१.

हा विषय मी का धरला तेही पहिल्या पानावर असू दे. आत्याच्या सिग्मॉइडची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावरच्या गाठीची, शस्त्रक्रिया नीट झाली, कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या, घरात पेढे वाटले. दोन वर्षांनी यकृतात दोन डाग दिसले. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेने आधी यकृतातच जातं, म्हणून तिथे पहिला मुक्काम पडतो. हे मी एमएस्सीला पाठ केलं होतं. पण शिरेपर्यंत पोचायच्या आधी एखादी पेशी शेजारणींचा हात सोडून, खालचा पडदा ओलांडून चालत गेली असणार. ते चालणं मला बघायचंय.

१४ जून

पेशी आल्या. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मोठ्या आतड्याच्या कर्कपेशींच्या तीन लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी: एचटी-२९, एसडब्ल्यू४८० आणि एसडब्ल्यू६२०. शेवटच्या दोघींना लॅबमध्ये सगळे नुसतं "४८०" आणि "६२०" म्हणतात, मीही तसंच लिहीन.

या दोन एकाच माणसाच्या आहेत. पन्नाशीतला पुरुष, अमेरिकेत टेक्सासमध्ये. ४८० त्याच्या आतड्यातल्या मूळ गाठीतून, ६२० पुढच्या वर्षी रोग उलटल्यावर लसिकाग्रंथीतून. एसडब्ल्यू म्हणजे स्कॉट अँड व्हाइट, ते दवाखान्याचं नाव. म्हणजे घर सोडण्याआधीची आणि घर सोडल्यानंतरची, अशी एकाच माणसाच्या रोगाची दोन टोकं माझ्या हातातल्या दोन फ्लास्कमध्ये आहेत.

२४ जून

सकाळी इनक्युबेटर उघडला तर ४८० चं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) लिंबासारखं पिवळं, निम्म्या पेशी सुटून तरंगताहेत. रात्रीत एवढी आम्लता येण्याइतक्या त्या वाढलेल्याच नव्हत्या. जंतुसंसर्ग म्हणावा तर मीडियम नितळ. सीनियर ताईने बाटलीवरचं लेबल वाचलं आणि लगेच सांगितलं, "अगं, हे एल-१५ आहे. याला कार्बन डायऑक्साइड नको."

आपली नेहमीची मीडियम बायकार्बोनेटवर चालतात, म्हणून त्यांना ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. एल-१५ मध्ये बायकार्बोनेट नाहीच, ते साध्या हवेत चालावं म्हणून बनवलेलं आहे, ग्लुकोजच्या जागी गॅलॅक्टोज घालून. मी हवा खेळती राहणाऱ्या झाकणाचा फ्लास्क कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवला. वायू विरघळत गेला आणि मीडियम आंबत गेलं.

दुपारी शोधलं. १९६३ मध्ये हे मीडियम ज्यांनी बनवलं त्या अल्बर्ट लायबोविट्झ यांनीच पुढे एसडब्ल्यू मालिकेतल्या लाइन उभ्या केल्या आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केल्या. आपलं मीडियम ते आपल्या पेशींना वापरणारच.

निर्णय: तिन्ही लाइन डीएमईएम या नेहमीच्या मीडियमवर, १० टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालून, आणायच्या. तुलना करायची तर तिघींचं जेवण सारखं हवं. दोन पॅसेज, म्हणजे दोनदा नव्या फ्लास्कमध्ये हलवणं, नुसते सवयीला.

१ जुलै

पालख्या शहरात मुक्कामी, रस्ते बंद, स्टेशनपासून चालत आले. पहिला स्क्रॅच केला. भरलेल्या थरात २०० मायक्रोलिटरच्या टिपने सरळ रेघ ओढायची आणि दोन्ही काठ किती तासांत जवळ येतात ते बघायचं.

४८० ची रेघ छान आली. एचटी-२९ ने त्रास दिला. टिप टेकताच थर चादरीसारखा सोलून वर आला आणि काठाशी गुंडाळला गेला. या पेशी जमिनीपेक्षा एकमेकींना जास्त धरतात. शेजारणीशी जोडणारं प्रथिन ई-कॅडहेरिन, त्याला कॅल्शियम लागतं. पुढच्या वेळी टिप अगदी हलक्या हाताने, आणि थर पूर्ण भरायच्या आधी.

३ जुलै

४८ तास झाले. ईजीएफ दिलेली रेघ बुजली. न दिलेलीही बुजली.

९ जुलै

हा निकाल बुजलेल्या रेघेमागे काय असतं ते शिकवून गेला, म्हणून सविस्तर लिहिते. मॅडमनी फोटो पाहिले आणि दोनच प्रश्न विचारले. "सीरम किती होतं?" १० टक्के. "पेशी किती वेळा दुभंगल्या असतील?" ४८ तासांत एकदा तरी नक्की, काही दोनदा.

म्हणजे मी दोन चुका एकत्र केल्या होत्या. सीरममध्ये स्वतःचेच वाढीचे घटक भरपूर असतात, त्यात वरून १० नॅनोग्रॅम ईजीएफ घालणं म्हणजे भर पावसात तांब्याने पाणी ओतणं. आणि फट भरण्याचे दोन मार्ग आहेत: काठावरची पेशी पुढे सरकते, किंवा मागे गर्दी वाढून काठ ढकलला जातो. फोटोत दोन्ही एकसारखेच दिसतात. वाढीचा निरोप देऊन चालणं मोजायचं असेल तर वाढ आणि चाल आधी वेगळ्या करायला हव्यात. नाहीतर पेशींची संख्या मोजून आपण तिला वेग म्हणत बसू.

नवी पद्धत: आदल्या रात्रीपासून ०.५ टक्का सीरमवर उपाशी. मग मायटोमायसिन-सी, प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅम, दोन तास, म्हणजे दुभंगणं थांबेल. तीनदा धुवायचं. नंतर स्क्रॅच, नंतर ईजीएफ. मोजणी २४ तासांपर्यंतच.

ईजीएफचा साठा ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या पीबीएस या मिठाच्या द्रावणात, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवला. एवढं थोडं प्रथिन असलं की ते ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं, बीएसए ती जागा आधी व्यापतं. प्रति मिलिलिटर १० नॅनोग्रॅम म्हणजे साधारण १.६ नॅनोमोलर.

१६ जुलै

नव्या पद्धतीने तीन वेळा. आता फरक दिसतोय. ४८० मध्ये ईजीएफ दिलेला काठ स्पष्ट पुढे, आणि काठावरून एकेकट्या पेशी सुटून फटीत शिरलेल्या. एचटी-२९ मध्येही काठ पुढे, पण एकही पेशी एकटी सुटलेली नाही. अख्खी रांग हातात हात घालून सरकते. निरोप एकच, चालण्याची तऱ्हा दोन. ६२० मध्ये ईजीएफ असो वा नसो, फरक नाही.

६२० चं मला खटकतंय. रोग पसरल्यावर जी मिळाली तीच ऐकत नाही?

२५ जुलै

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. एकतानगरीतल्या मैत्रिणीच्या घरचे गच्चीवर. लॅबला जाता आलं नाही. लॅबच्या काकांना फोन केला, ते आवारातच राहतात. त्यांनी इनक्युबेटरचं तापमान आणि सिलिंडरचा दाब बघून कळवला. दोन्ही ठीक.

२ ऑगस्ट

अॅधेशन अॅसे (पेशी किती चिकटतात त्याची मोजणी), पहिला प्रयत्न, पूर्ण फसला. प्लेटवर कोलॅजेन-१ चं कोटिंग, मोकळी राहिलेली जागा बीएसएने भरलेली, वर पेशी, ४५ मिनिटं, मग धुऊन जे उरेल ते क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं. धुतल्यावर काहीच उरलं नाही. कोटिंगचा दोष समजून कोलॅजेनची नवी बाटली काढणार होते.

संध्याकाळी लक्षात आलं. पेशी सोडवायचं नेहमीचं ट्रिप्सिन पृष्ठभागावरची प्रथिनं कुरतडतं, म्हणून मी पेशी नुसत्या ईडीटीएने (ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं) सोडवल्या होत्या. ते बरोबर केलं. पण नंतर त्या कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्येच ठेवल्या आणि त्यातच प्लेटवर टाकल्या. इंटिग्रिनला कोलॅजेन धरायला मॅग्नेशियम लागतं. मी त्यांच्या मुठीच उघडू दिल्या नाहीत.

६ ऑगस्ट

कॅल्शियम-मॅग्नेशियमसह पुन्हा केलं. कोटिंग शून्य, १, ५ आणि २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. यावेळी जांभळा रंग पायरीपायरीने गडद होत गेला. ४८० आणि एचटी-२९ चांगल्या चिकटतात. ६२० तिन्ही कोटिंगवर कमी चिकटते, जी चिकटते तीही गोलसर राहते, पसरत नाही.

१३ ऑगस्ट

आज टाइम-लॅप्स. गरम स्टेजवर ४८०, दर दहा मिनिटांनी फोटो, एकूण १२ तास. तीन कोटिंग, तिन्हींत ईजीएफ. दिवसभर खुर्चीवरून उठले नाही. हे मी जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण प्रकल्पाचा प्रश्न मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला तो आज.

१ मायक्रोग्रॅमवर: पेशी बऱ्यापैकी गोल. ईजीएफ पडल्यावर दहा-वीस मिनिटांत काठावर लाटा उठतात, पातळ पदर बाहेर येतो, थोडा पुढे पसरतो आणि पुन्हा आत दुमडतो. शेवाळलेल्या फरशीवर पाय टाकावा आणि तो घसरून परत यावा, तसं. पेशी थरथरते, पण बारा तासांनी जवळपास तिथेच.

२० मायक्रोग्रॅमवर: पेशी तव्यावरच्या धिरड्यासारखी चारी बाजूंनी पसरलेली, चपटी, केंद्रक मधोमध. काठावर लाटा इथेही उठतात, म्हणजे निरोप पोचलाय. पण सगळ्याच बाजूंनी घट्ट धरलेलं असल्यामुळे पुढचं आणि मागचं असं ठरतच नाही. एका पेशीने दोन विरुद्ध दिशांना पदर काढले, दोन तास ताणली गेली आणि पुन्हा गोल चपटी झाली.

५ मायक्रोग्रॅमवर: इथे चाल आहे. कडेची एक पेशी धरून मी तिच्याच मागे राहिले. आधी एका बाजूला पंख्यासारखा पदर पसरला आणि टिकला. केंद्रक त्या दिशेला सरकलं. मागे शेपटी उरली, ती लांबत गेली, दोऱ्याइतकी बारीक झाली, आणि दोन फोटोंच्या मधल्या दहा मिनिटांत सुटून अंगात गोळा झाली. शेपटी सुटताच पुढचा पदर एकदम मोठा झाला. हे बारा तासांत चार वेळा. शेपटी जिथे होती तिथे काचेवर बारीक ठिपक्यांची माळ राहिली. पेशी आपला काही भाग तिथेच सोडून गेली.

ठिपके पाहून सीनियर ताई म्हणाली, फायब्रोब्लास्टमध्ये (जोडऊतीतल्या पेशींमध्ये) ईजीएफचा निरोप ईआरके या निरोप्यामार्गे कॅल्पेन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमपर्यंत जातो आणि ते मागच्या पायाची पकड कापतं. म्हणजे ईजीएफ फक्त पुढे ढकलत नाही, मागून सोडवतोही. आमच्या पेशींत तेच होतंय का, हे वेगळं तपासावं लागेल.

१४ ऑगस्ट

मॅडमनी १९९७ मधलं काम वाचायला दिलं: चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी, खाली कोलॅजेनऐवजी फायब्रोनेक्टिन हे प्रथिन, इंटिग्रिनची संख्या कमी-जास्त करून पाहिलेली. सगळ्यांत मिळून एकच गोष्ट, पकड मध्यम असते तेव्हा वेग सर्वांत जास्त. मी काल पाहिलं ते तिथे आलेखात आहे. माझ्या कामात नवं एवढंच की ईजीएफ त्या आलेखावर कुठे बसतो ते आतड्याच्या पेशीत बघायचंय.

३० ऑगस्ट

ट्रान्सवेल, तीन स्वतंत्र वेळा पूर्ण. ही पद्धत मूळची स्टीफन बॉयडेन यांची, १९६२ मधली, पांढऱ्या पेशींसाठी. आपण ८ मायक्रॉन छिद्रांचा पडदा वापरतो. पडद्याच्या खालच्या बाजूला कोलॅजेन, वरच्या कप्प्यात उपाशी पेशी, खाली ईजीएफ, १६ तास. मग वरच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसायच्या आणि खाली उतरलेल्या रंगवून मोजायच्या. पुसताना हात जड झाला तर पडदा फाटतो. दोन पडदे असे गेले, ते मोजणीत घेतले नाहीत.

४८० मध्ये टाइम-लॅप्सचंच चित्र. ५ मायक्रोग्रॅम कोलॅजेनवर ईजीएफचा परिणाम सर्वांत मोठा, १ वर थोडा, २० वर जेमतेम. तिन्हीकडे ईजीएफ तेवढाच होता.

मॅडमच्या सांगण्यावरून आणखी एक जोड लावली: ईजीएफ वर आणि खाली दोन्हीकडे सारखाच. तरीही पेशी न दिलेल्यांपेक्षा जास्त उतरल्या, फक्त खालीच दिलेल्यांपेक्षा कमी. म्हणजे त्या ईजीएफच्या दिशेने जातात हे अर्धं खरं. दिशा नसतानाही तो त्यांना अस्वस्थ करून हलवतो. "आकर्षण" हा शब्द अहवालात जपून वापरायचा.

७ सप्टेंबर

गणपतीला घरी. आत्या मोदकाच्या पाऱ्या करत होती, केमोनंतर बोटांना मुंग्या येतात तरी. तिने तिची फाईल मला वाचायला दिली. त्यात एक ओळ होती: केरास जनुकात बदल आढळला.

१० सप्टेंबर

त्या ओळीचा अर्थ नीट लिहून काढला, तिला फोनवर सांगण्यासाठी.

ईजीएफचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, येतो. तिथून आत जाणाऱ्या एका वाटेवर केरास हे बटण आहे. बदल झालेलं बटण दाबलेलंच राहतं, निरोप येवो न येवो. सेटुक्सिमॅब हे औषध रिसेप्टर बाहेरून झाकतं. त्याला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं की केरास बदललेल्या रुग्णांना त्याचा फायदा होत नाही. म्हणून औषधाआधी ही तपासणी करतात, म्हणून आत्याला ते दिलं नाही. तिला वाटत होतं महाग म्हणून दिलं नाही. फोनवर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "हे कोणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं गं."

४८० आणि ६२० दोघींतही केरासमध्ये बदल आहे, बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन. तरी ४८० ईजीएफला हलते. बटण दाबलेलं असताना दार वाजवल्याने काय फरक पडतो? रिसेप्टरकडून आत जाणाऱ्या वाटा एकाहून जास्त आहेत, पीआय३-कायनेजची, फॉस्फोलायपेज-सी गॅमाची. त्यांना केरासची गरज असतेच असं नाही.

१९ सप्टेंबर

जेफिटिनिब, १ मायक्रोमोलर. हे रिसेप्टरचं काम आतून थांबवतं. ४८० मध्ये ईजीएफमुळे वाढलेली चाल पूर्ण गेली. पण ईजीएफ नसताना जी मूळची चाल होती, तिला धक्का लागला नाही. म्हणजे चालीचे दोन हिस्से आहेत आणि औषध त्यातल्या एकालाच शिवतं. प्लेटमधल्या पेशीवरून रुग्णाबद्दल काही म्हणायचं नाही, हे मॅडमनी बजावलं आणि ते मला मान्य आहे. पण आत्याच्या फाईलमधली ओळ मला आज वेगळी दिसली.

२७ सप्टेंबर

वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशीतली प्रथिनं आकाराने वेगळी करून हवं ते अँटिबॉडीने शोधायचं. ईजीएफ दिल्यावर ०, ५, १५, ३० आणि ६० मिनिटांचे नमुने, तिन्ही लाइन.

एचटी-२९ आणि ४८०: पाच मिनिटांतच सक्रिय रिसेप्टरचा ठसठशीत बँड, मग उतरता. निरोप मिळालेला रिसेप्टर पेशी आत ओढून घेते आणि मोडून टाकते, त्यामुळे ६० मिनिटांना एकूण रिसेप्टरही कमी दिसतो. पकडीच्या जागी काम करणाऱ्या एफएके या प्रथिनाचा ३९७ व्या टायरोसीनवरचा फॉस्फेटही (ते सक्रिय असल्याची खूण) पाहिला. चिकटलेल्या पेशीत तो ईजीएफआधीच आहे, तरंगत ठेवलेल्या पेशीत जवळपास नाही.

६२०: रिसेप्टरच्या जागी, १७० किलोडाल्टनच्या उंचीवर, काहीच नाही. सक्रिय रिसेप्टर नाही, एकूण रिसेप्टरही नाही. खालचा ट्यूब्युलिन या सगळ्याच पेशींत असणाऱ्या प्रथिनाचा बँड मात्र भरपूर, म्हणजे प्रथिन कमी पडलेलं नाही.

१ ऑक्टोबर

ताजा नमुना, दुसरी अँटिबॉडी, शेजारी एचटी-२९ खात्रीसाठी. ६२० ची लेन पुन्हा कोरी. मग साहित्य चाळलं. ६२० मध्ये हा रिसेप्टर सापडत नाही हे इतरांनीही पाहिलंय, काही लॅब तर तिला रिसेप्टर नसलेला नमुना म्हणूनच वापरतात. हे मी जूनमध्येच वाचायला हवं होतं. पण जुलैपासून मी ती ऐकत का नाही म्हणून विचार करत होते, आणि तिला ऐकायला कानच नव्हता.

त्याच माणसाच्या आतड्यातली पेशी ईजीएफवर हलते. वर्षाने लसिकाग्रंथीत सापडलेली हलत नाही, जमिनीला कमी चिकटते आणि तरी एवढ्या दूर पोचली आहे. तिने वाटेत रिसेप्टर टाकला, की तो नसलेल्याच काही पेशी मूळ गाठीत होत्या आणि त्याच पुढे गेल्या, हे या दोन फ्लास्कवरून सांगता येत नाही.

८ ऑक्टोबर

खालच्या कप्प्यात ईजीएफऐवजी १० टक्के सीरम ठेवून ६२० चा ट्रान्सवेल. पेशी उतरल्या. ४८० पेक्षा कमी, पण उतरल्या, आणि पडद्याखाली गोलच राहिल्या, पसरल्या नाहीत. म्हणजे तिला चालता येतं, फक्त तिचा निरोप दुसरा आहे. सीरममध्ये शेकडो गोष्टी असतात, एकेक वगळत जावं लागेल. पहिला संशय एचजीएफ या दुसऱ्या वाढीच्या घटकावर. त्याचा रिसेप्टर मेट. त्याची अँटिबॉडी शेजारच्या लॅबमधून मागून आणली आहे.

९ ऑक्टोबर

६२० उपाशी ठेवल्या, संध्याकाळी साडेसहा. पडद्यांवर कोलॅजेन १, ५ आणि यावेळी लॅमिनिन हे दुसरं आधाराचं प्रथिनही. उद्या सकाळी नऊला पेशी मोजून वर टाकायच्या, खाली एचजीएफ. काकांना सांगून ठेवलंय, इनक्युबेटरचं वरचं दार रात्री कोणी उघडायचं नाही.